दिवाणखाना आणि साक्षीदार : ‘काशे’ व ‘पार्टी’ यांचे एक तौलनिक वाचन

संपन्न घरातील सुप्त अस्वस्थतेचे चित्रण करणाऱ्या कलाकृतींची समीक्षा बहुधा ‘ढोंगाचा पर्दाफाश’ या सूत्राने केली जाते. मिखाएल हानेके यांचा फ्रेंच चित्रपट ‘काशे’ (२००५) आणि महेश एलकुंचवार यांच्या १९७६ च्या मराठी नाटकावर आधारलेला गोविंद निहलानी यांचा हिंदी चित्रपट ‘पार्टी’ (१९८४) एकत्र ठेवून पाहिले असता हे सूत्र अपुरे ठरते.

‘काशे’ म्हणजे दडवलेले. दूरचित्रवाणीवर साहित्यविषयक कार्यक्रम चालवणाऱ्या जॉर्जच्या पॅरिसमधील घराचे बाहेरून केलेले चित्रण कोणीतरी त्याच्याच दारात आणून ठेवते. शोध घेत तो पोचतो तो रोमँव्हिल या उपनगरातील माजिदच्या साध्या सदनिकेत. माजिदचे अल्जीरियन आईवडील १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिस पोलिसांनी केलेल्या हत्याकांडानंतर परतले नाहीत. जॉर्जचे आईवडील या मुलाला दत्तक घेणार होते. लहानग्या जॉर्जने खोटे सांगून त्याला घराबाहेर काढले. आतिथ्य नाकारून राखलेले असे हे घर आहे.

‘पार्टी’त याच्या उलट आतिथ्याचा अतिरेक आहे. दमयंती राणे यांच्या मुंबईतील घरी पुरस्कारप्राप्त लेखक बर्वे यांच्या सन्मानार्थ मेजवानी आहे. येथे दडवण्यासारखे फारसे काही उरलेलेच नाही. आपल्या लेखनातील पोकळी बर्व्यांना स्वतःलाच जाणवते आणि आदिवासींमध्ये जाऊन राहिलेल्या कवी अमृतवरही मोकळेपणाने वाद झडतात. मात्र अविनाशचा संतापदेखील त्या संध्याकाळच्या संभाषणाचाच एक भाग होऊन जातो. ढोंग उघडकीस आल्याने जर काही बदलत असते, तर ते या घरात केव्हाच बदलले असते.

दोन्ही कथानकांचा शेवट मात्र विलक्षण समांतर आहे. माजिद जॉर्जसमोर स्वतःचा गळा चिरतो. अमृतच्या हत्येची वार्ता आल्यावर तो बर्व्यांना दिसतो तो जीभ छाटलेल्या अवस्थेत. हिंसेचा आघात दोन्हीकडे वाणीच्या इंद्रियावर व्हावा, हा केवळ योगायोग मानता येत नाही. घराला वस्तुस्थिती ठाऊक असते. तेथे साक्षीदाराच्या शब्दाला प्रमाण म्हणून स्थान नसते. अस्वस्थतेचे मूळ येथे आहे.

चेन्नईत हे दोन चित्रपट अभ्यासताना एका तिसऱ्या संहितेचे स्मरण अपरिहार्य ठरते. २५ डिसेंबर १९६८ रोजी तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे ४४ दलितांना झोपडीत जाळून मारण्यात आले. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने आरोपी जमीनदारांना निर्दोष ठरवले. त्या निकालपत्रात असा विचार मांडला गेला, की मोटारी बाळगणारे श्रीमंत जमीनदार स्वतः चालत जाऊन आग लावतील हे संभवनीय वाटत नाही. सुस्थिती हाच येथे निर्दोषत्वाचा पुरावा झाला. इंदिरा पार्थसारथी यांची ‘कुरुदिप्पुनल’ ही कादंबरी याच घटनेतून आली.

या दृष्टीने दोन्ही चित्रपटांची मर्यादाही स्पष्ट होते. माजिद व अमृत आपल्याला भेटतात ते घरातील माणसांच्याच नजरेतून आणि स्मृतीतून. माजिदला पडद्यावर आपली बाजू थोडीफार तरी मांडता येते. अमृतला तेवढीही संधी नाही. अभिजनांची अस्वस्थता रेखाटणारी कलाकृती साक्षीदाराला पुन्हा एकदा अभिजनांच्या अंतर्मनातील प्रतिमा करून टाकते. तौलनिक अभ्यासाने म्हणूनच ‘पार्टी’शेजारी ‘काशे’ ठेवून थांबू नये. दलित आत्मकथनासारख्या ज्या संहितांत साक्षीदार स्वतः बोलतो, त्यांच्या कसोटीवर या दोहोंना पारखणे आवश्यक आहे.