47 एफ/14 : पुण्याच्या पत्रकाचं वाचन

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांतलं पुण्याचं पत्रक म्हणजे मानवी भूगोलाचा सुंदर पाठ आहे. त्यात माणूस कुठेच दिसत नाही, पण वाडी, वाट, पूल, देऊळ या साऱ्या खुणा माणसाच्याच निवडीच्या. अमुक गाव कुठे आहे हे सापडलं की बहुतेक जण नकाशा मिटतात. खरी गोडी मात्र ‘ते तिथेच का?’ असं विचारल्यावर लागते.

आधी क्रमांक वाचावा. 47 म्हणजे चार अंशांचा मोठा चौकोन, एफ हा त्यातला एका अंशाचा भाग आणि 14 हा त्या भागातला पंधरा मिनिटांचा कप्पा : 18°30′ ते 18°45′ उत्तर, 73°45′ ते 74° पूर्व. प्रमाण 1:50,000, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर.

आता नैर्ऋत्य भागाकडे वळू. वेताळ टेकडीभोवती तपकिरी समोच्चरेषा एकमेकींना खेटून आहेत. उतार तीव्र असल्याची ही खूण. पूर्वेला मुठेकडे येताना रेषा विरळ होतात आणि तिथेच, मुळेशी संगम होण्याआधी, नदीच्या उजव्या काठावर जुन्या पेठांची दाट तांबडी वस्ती आहे. सपाट जमीन आणि जवळ पाणी, या दोन गोष्टी इथे एकत्र आल्या. शेजारच्या खडकी आणि कॅम्पात वस्तीचा नूर बदलतो : सुटी घरं, मोकळी मैदानं, आखीव रस्ते. वस्ती कोणी आणि कशासाठी वसवली, हे तिच्या घडणीवरूनच कळतं.

या पत्रकातली मला सर्वांत बोलकी वाटणारी जागा म्हणजे चिंचवड. मोरया गोसावींच्या समाधीचं मूळ गाव पवनेच्या काठाला धरून आहे. स्टेशन तिथून दूर, ईशान्येला, मुंबईहून येणाऱ्या रेल्वेच्या काळ्या रेषेवर. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी अशी स्थानकं त्या रेषेवर ओळीनं येतात. शेजारून महामार्ग जातो. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 साली स्थापन झालेल्या एमआयडीसीनं पुढे उद्योगांना जागा दिली, आणि कारखान्यांची वस्ती याच पट्ट्यात लांबत गेली. रेषाकृती वस्ती म्हणतात ती ही. जुनं गाव नदी बघून बसलं, नवं शहर वाहतूक बघून वाढलं. एकाच नावाखाली दोन काळांची दोन कारणं नांदतात, आणि त्यांतलं अंतर चक्क पट्टीनं मोजता येतं.

वर इंद्रायणीची निळी रेषा. तिच्या काठी पश्चिमेला देहू, पूर्वेकडे आळंदी, आणि पत्रकाच्या पूर्व कडेशी, भीमेला मिळते तिथे, तुळापूर. देहू ते आळंदी पट्टी धरली तर अंतर फूटभरही भरत नाही. जमिनीवर ते सुमारे 14 किलोमीटर. दोन्हीकडून पालख्या निघतात, एक आकुर्डी-पिंपरीकडून आणि दुसरी दिघी-विश्रांतवाडीकडून, आणि दोन्ही पुण्यात येतात. नकाशात रस्ते आहेत, पालखी नाही. ठिकाणांमधली माणसांची ये-जा वाचकानं स्वतः मनात रेखाटायची असते. ती रेखाटली की देहू, आळंदी आणि पुणे हे सुटे ठिपके राहत नाहीत, त्यांचा एक प्रदेश होतो.

दक्षिणेला पत्रक 18°30′ वर संपतं. पर्वती त्या रेषेच्या जराशी खाली, सिंहगड आणखी खाली; दोन्हींसाठी 47 एफ/15 लागतं. अक्षांशाची ही रेषा सर्वेक्षकाच्या सोयीची आहे. पुणेकराचं पाणी, बाजार, नोकरी, देवदर्शन यांपैकी काहीही तिच्यापाशी थांबत नाही. म्हणून एका पत्रकावर कधीच समाधान मानू नये. शेजारचं पत्रक कडेला कड लावून जोडावं, नदी आणि रस्ता पुढे कुठे जातात ते बोटानं पाहावं, मगच त्या मुलखाबद्दल मत बनवावं.