पत्रकाराचा फोन आणि स्रोताची गोपनीयता : कायद्यातील एक उणीव

माध्यमविषयक कायदा शिकताना बहुतेक वेळ अनुच्छेद १९, बदनामी आणि न्यायालयाचा अवमान यांत जातो, म्हणजे काय छापता येते आणि काय नाही यात. पण बातमी छापण्याआधी कोणीतरी ती सांगावी लागते. सांगणारा कार्यालयातला कारकून असेल, रुग्णालयातली परिचारिका असेल, बांधकाम खात्यातला कनिष्ठ अभियंता असेल. आपले नाव बाहेर येणार नाही या भरवशावर तो बोलतो. पूर्वी हा भरवसा पत्रकाराच्या डोक्यात राहत असे. आज तो त्याच्या फोनमध्ये असतो.

३ ऑक्टोबर २०२३ रोजी दिल्ली पोलिसांच्या विशेष कक्षाने न्यूजक्लिक या संकेतस्थळाशी संबंधित पत्रकारांच्या दिल्ली आणि आसपासच्या घरांची झडती घेतली. पोलिसांच्याच निवेदनानुसार ३७ पुरुष आणि ९ महिलांची चौकशी झाली आणि डिजिटल उपकरणे जप्त करण्यात आली. परदेशी पैशाच्या बळावर प्रचार केल्याचा आरोप होता. संस्थेने तो नाकारला. संस्थापक-संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायद्याखाली अटक झाली. १५ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणे त्यांना लेखी दिली गेली नव्हती. निकाल महत्त्वाचा आहे आणि तो जरूर वाचावा. मात्र तो माणसाच्या अटकेविषयी आहे. त्या दिवशी पोलिसांच्या ताब्यात गेलेल्या फोनमधल्या माणसांविषयी, म्हणजे पत्रकारांशी विश्वासाने बोललेल्यांविषयी, त्यात काही ठरलेले नाही.

संपादकाच्या घरातून उचललेली वस्तू खटल्यात उभी राहणे आपल्याला नवे नाही. १९०८ च्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या पुण्याच्या घराची झडती झाली. तिथे एक कार्ड सापडले. त्यावर स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे होती. सरकार पक्षाने ते पुरावा म्हणून मांडले. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका लिहिण्यासाठी ती नावे टिपली होती, असे टिळकांचे म्हणणे होते. शिक्षा सहा वर्षांची झाली. संपादकाच्या कामाचा एक कागद संदर्भातून सुटला की त्याचा अर्थ कसा लावता येतो, याचे हे उत्तम उदाहरण. तिथे कार्ड एक होते. आजच्या फोनमध्ये दहा वर्षांचे संदेश, शेकडो संपर्क, छायाचित्रे, आपण कुठे-कुठे गेलो याची नोंद, सगळे एकत्र असते.

या प्रश्नावर आपल्याकडे जी चर्चा चालते, तिच्यात मला एक घोटाळा दिसतो. अभियांत्रिकीच्या वर्गात माहितीसुरक्षेचे तीन गुण पहिल्याच तासाला सांगतात : गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. जप्तीवरची बहुतेक चर्चा मधल्या गुणावरच थांबते. फोन जप्त करताना हॅश मूल्य काढले का, हा तिचा आवडता प्रश्न.

हॅश म्हणजे फाइलचा गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीत फाइल कितीही मोठी असो, ठसा २५६ बिटांचाच येतो. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी सगळा ठसा बदलतो. जप्तीच्या वेळचा आणि न्यायालयातला ठसा एकच असेल, तर मधल्या काळात कोणी काही घातले किंवा पुसले नाही असे मानता येते. (चालू फोनवर हे जमत नाही, कारण फोन स्वतःच सतत काहीतरी लिहीत असतो. म्हणून आधी त्याची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब डिजिटल प्रत, काढायची आणि ठसा त्या प्रतीचा घ्यायचा.) १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅश मूल्य लिहायला जागा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करावे लागते. या सुधारणा चांगल्याच आहेत.

पण हॅश काय करत नाही तेही पाहा. ठसा तंतोतंत जुळला, तपास नियमाप्रमाणे झाला, चित्रीकरणही झाले, तरी त्या कनिष्ठ अभियंत्याचे नाव तपास अधिकाऱ्याच्या पडद्यावर आलेलेच असते. अखंडता शंभर टक्के, गोपनीयता शून्य. ‘तुमचा स्रोत कोण?’ असा प्रश्न कोणी विचारलाही नाही. पत्रकाराला नकार द्यायची संधीच मिळाली नाही.

कायद्यात याविषयी काय आहे? प्रेस कौन्सिल कायदा, १९७८ च्या कलम १५(२) नुसार पत्रकाराला स्रोत सांगण्याची सक्ती करता येत नाही. मात्र हे संरक्षण कौन्सिलपुढच्या कामकाजापुरते आहे. पोलीस आणि न्यायालय त्याबाहेर. शिवाय कौन्सिलचा अधिकार वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांवर आहे, संकेतस्थळांवर नाही. विधी आयोगाने १९८३ मध्ये आपल्या ९३ व्या अहवालात पुरावा कायद्यातच पत्रकारांसाठी कलम घालण्याची शिफारस केली होती. ते कलम आले नाही. २०२३ मध्ये सगळा पुरावा कायदा नव्याने मांडला, तेव्हाही आले नाही. त्याच नव्या कायद्यात जुने कलम १२५ मात्र १३१ या क्रमांकाने शाबूत आहे : गुन्ह्याची खबर कोणाकडून मिळाली, हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. पोलिसांच्या खबऱ्याला संरक्षण लागते, नाहीतर कोणी खबर देणार नाही, हे विधिमंडळाला पटलेले आहे. हाच तर्क पत्रकाराच्या खबऱ्याला का लागू नाही, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

टपालाची तरतूद तर वाचण्यासारखी आहे. तपासात हवी असलेली वस्तू पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी कलम ९४ खाली लेखी आदेशाने मागवू शकतो, आणि आता त्यात संपर्काची उपकरणेही स्पष्टपणे आली आहेत. पण टपाल खात्याच्या ताब्यातले पोस्टकार्ड यातून वगळले आहे. ते हवे असेल तर कलम ९५ खाली दंडाधिकारी किंवा न्यायालयाकडे जावे लागते. कोणीही वाचू शकेल अशा उघड्या पोस्टकार्डाला जे कुंपण आहे, ते कुलूपबंद फोनला नाही.

न्यायालयाला प्रश्न कळलेला नाही असे नाही. पेगॅसस प्रकरणात २७ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने स्रोताचे संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट मानली. नोव्हेंबर २०२३ मध्ये फाउंडेशन फॉर मीडिया प्रोफेशनल्सच्या याचिकेवर उपकरणांच्या जप्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वे हवीत असेही केंद्राला सांगितले. डिसेंबरमध्ये केंद्राने, तोपर्यंत केंद्रीय तपास यंत्रणा सीबीआयची २०२० ची नियमपुस्तिका पाळतील, अशी हमी दिली. म्हणजे पत्रकाराच्या स्रोताची राखण तपास यंत्रणेच्याच पुस्तिकेकडे.

पोलिसांची बाजूही खरी आहे. आधी सूचना दिली तर आरोपी फोन पुसून टाकेल, आणि पत्रकार आहे म्हणून गुन्ह्याचा तपास थांबू नये. पण जप्त करणे आणि उघडणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे संगणकाच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. प्रत काढा, हॅश लिहा, एक प्रत पत्रकाराला द्या म्हणजे त्याचे काम अडणार नाही, आणि मूळ सीलबंद ठेवा. कोणत्या तारखांमधले, कोणाशी झालेले, कशाविषयीचे संदेश हवेत ते न्यायाधीशापुढे मांडा, आणि तेवढेच उघडा. ब्रिटनमध्ये १९८४ च्या पोलीस कायद्यापासून पत्रकारितेच्या सामग्रीसाठी पोलिसांना न्यायाधीशाकडे जावे लागते. तिथेही वाद होतात, पण ते न्यायाधीशापुढे होतात. आपल्याकडे असे कलम लिहायचे तर पत्रकार कोण हेही ठरवावे लागेल, आणि ते ओळखपत्रावरून ठरवले तर जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने यूट्यूब वाहिनी चालवणारा बातमीदार पहिल्याच ओळीत बाहेर पडेल.