वंशाची चौकट आणि आजाराचे कारण : पदवी प्रकल्पांची एक चिकित्सा

वंश, स्थलांतर आणि मानसिक आरोग्य या विषयावरचे पदवीस्तरीय प्रकल्प वाचलेत, तर एकच आराखडा पुन्हा पुन्हा दिसेल. पहिल्या पानावर वंश आणि जन्मदेश यांच्या चौकटी, पुढे नैराश्याची प्रश्नावली, शेवटी गटांच्या सरासरींची तुलना. फरक सार्थ निघाला की निष्कर्ष तयार : अमुक लोकांत आजार जास्त, म्हणजे तो त्यांच्यातच आहे. आकडेमोड बहुधा बरोबर असते. चूक होते ती चौकटीला कारण मानण्यात.

ही चूक नवशिक्यांचीच आहे असेही नाही. ओडेगार्ड या नॉर्वेजियन मनोविकारतज्ज्ञाने १९३२ मध्ये दाखवले, की अमेरिकेतल्या मिनेसोटात गेलेल्या नॉर्वेजियनांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण मायदेशातल्यापेक्षा सुमारे दुप्पट आहे. त्याने अर्थ लावला, की आजाराकडे कल असलेली माणसेच देश सोडतात. म्हणजे दोष प्रवाशाच्या सामानातूनच आला!

आता ब्रिटनकडे पाहा. लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल इथल्या ईसॉप अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. आफ्रिकन-कॅरिबियन गटात स्किझोफ्रेनियाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे नऊपट होते. पण जमैका आणि बार्बाडोस इथे झालेल्या पाहण्यांत असे वाढलेले प्रमाण आढळले नव्हते. मग ‘वंशातच आहे’ हे उत्तर टिकत नाही. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या दुसऱ्या पिढीतही प्रमाण चढेच आहे, आणि या मुलांनी तर स्थलांतर केलेलेच नाही. म्हणजे ओडेगार्डचे उत्तरही पुरत नाही. निदान करणाऱ्या डॉक्टरांच्या पूर्वग्रहाबद्दल तिथे बराच वाद झाला आहे, तो जरूर वाचा. मला अधिक बोलका वाटतो तो दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेलचा २००१ सालचा अभ्यास : ज्या वस्तीत अल्पसंख्याकांची संख्या कमी, तिथे त्यांच्यातले आजाराचे प्रमाण जास्त. माणसे तीच, वंश तोच. बदलला तो शेजार. तुमच्या प्रश्नावलीत शेजाराबद्दल एखादा तरी प्रश्न असतो का?

दुसरा आक्षेप मोजमापाचा. मी अभियांत्रिकी शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत मीटरचे अंशांकन तपासल्याशिवाय वाचन लिहू देत नाही. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न आणि ० ते २७ गुण. १० किंवा त्याहून जास्त गुण असले की नैराश्याची शक्यता धरतात. त्यात झोपेचा एक प्रश्न आहे, थकव्याचा एक. परदेशात नुकताच आलेला, रात्रपाळी करून दिवसा दुसरे काम धरणारा मजूर या दोन प्रश्नांवरच सहा गुण मिळवू शकतो. ते गुण दुःखाचे की पाळीचे, हे एकूण बेरीज सांगत नाही. म्हणून प्रकल्पात बेरजेबरोबर प्रत्येक प्रश्नाचे गुण गटवार छापा, आणि कामाचे तास, घरातली माणसे, व्हिसाची मुदत हे रकानेही ठेवा. नमुना साठ जणांचा असला तरी तेवढे जमते.