संहिता, फॉन्ट आणि मध्यस्थ : जुन्या मराठी संकेतस्थळांच्या वाचनाचा प्रश्न

मराठी वाङ्मयेतिहासात बारामतीचे नाव येते ते मोरोपंतांमुळे. पन्हाळ्यास जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी स्थिरावला आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तला. त्याची रचना प्रथम पोथ्यांतून फिरली. पुढे परशुरामतात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ (१८५४) सारख्या संग्रहांतून ती छापील स्वरूपात विद्यार्थ्यांच्या हाती आली. पोथीतील सलग ओळ मुद्रणात पदे तोडून मांडली जाते. त्यात वाचकाची सोय असते, तसाच एक निर्णयही असतो. कारण श्लेषाच्या जागी पद कोठे तोडावे हे ठरविणे म्हणजे दोहोंपैकी एक अर्थ पुढे करणे होय. शिवाय ओष्ठ्य वर्ण टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचणाऱ्या या कवीच्या बाबतीत अक्षर हे रचनेचे द्रव्यच आहे. लेखन आणि वाचक यांच्यामध्ये कोणीतरी उभा असतो आणि तो तटस्थ नसतो, हा पाठचिकित्सेचा पहिला धडा येथे मिळतो. हाच धडा अगदी अलीकडच्या एका लेखनप्रकाराला लावून पाहण्याची वेळ आली आहे. हा प्रकार म्हणजे मराठीतील आरंभीची संकेतस्थळे.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. ‘मायबोली’ १९९६ पासूनची. त्या काळात मराठी मजकूर जाळ्यावर आणण्याचे तीन मार्ग होते : रोमन अक्षरांत लिहिणे, मजकुराचे चित्र करून लावणे, किंवा खास फॉन्ट वापरणे. देवनागरीसाठी ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण आणि युनिकोड ही दोन्ही १९९१ मध्येच उपलब्ध झाली होती. परंतु विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आली. मधल्या काळात ‘शिवाजी’, ‘किरण’ यांसारख्या फॉन्टांनी काम भागविले. त्यांची युक्ती साधी होती. संगणक ज्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे मांडतो, त्या जागी अर्धी अक्षरे, काने आणि वेलांट्या यांचे आकार बसविलेले असत. ‘लिपी’ या शब्दातील पहिली वेलांटी डोळ्यांना जशी ‘ल’च्या आधी दिसते, तशीच ती फाइलमध्येही आधी येई. युनिकोडमध्ये हा क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे नेमका उलटा असतो.

याचा अर्थ असा की, अशा पानाच्या फाइलमध्ये मराठी नव्हतीच. फाइल आणि फॉन्ट एकत्र आले की पडद्यावर मराठी उमटे. इंटरनेट आर्काइव्हने १९९६ पासून पाने साठविली आणि २००१ मध्ये ‘वेबॅक मशीन’द्वारे ती सर्वांना खुली केली. तेथील जुने इंग्रजी पान आजच्या संगणकावर उघडले तर मांडणी विस्कटली तरी शब्द शाबूत राहतात. जुने मराठी पान उघडले तर, फॉन्ट हाताशी नसल्यास, रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग समोर येतो. जुन्या संगणकावर जुनी पाने पाहण्याच्या छंदाकडे गतकातरतेचा खेळ म्हणून पाहिले जाते. इंग्रजीपुरते ते बरेचसे खरे असेल. मराठीच्या बाबतीत मात्र जुने यंत्र आणि जुना फॉन्ट यांच्या जोडीवर वाचनाची शक्यताच अवलंबून असू शकते.

पण विंडोज ९५ वरचा ब्राउझर आजच्या संग्रहापर्यंत सहसा पोहोचतच नाही. सध्याची सांकेतिक सुरक्षा त्याला उमगत नाही. म्हणून मध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ संगणक, ठेवावा लागतो. ब्राउझर जुन्या पद्धतीने मूळ पत्ता विचारतो. मध्यस्थ त्याला तारीख जोडून संग्रहातील पान आणतो, संग्रहाने घातलेली पट्टी व बदललेले दुवे काढून टाकतो आणि साधे पान पुढे करतो. दुसऱ्या जातीचा मध्यस्थ स्वतःच पान रेखून त्याचे चित्र धाडतो. मूळ फॉन्ट त्या मध्यस्थाजवळ नसेल तर निरर्थक अक्षरांचेच नीटस चित्र वाचकाला मिळते.

पहिल्या जातीच्या मध्यस्थाचे एक कार्य मराठीच्या दृष्टीने मोलाचे आहे. इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीपासून (१९९७) पानासोबत फॉन्ट पाठविण्याची सोय झाली, आणि असा फॉन्ट विशिष्ट संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधून टाकता येई. संग्रहाच्या पत्त्यावरून पान उघडले की बांधलेला फॉन्ट उमटण्यास नकार देतो. मध्यस्थामुळे मात्र ब्राउझरला पान मूळ पत्त्यावरच असल्याचे भासते. फॉन्टची फाइल संग्रहात उतरलेली असेल तर अक्षरे पुन्हा उभी राहू शकतात. येथे एका भासावाचून खरी संहिता दिसत नाही, ही विसंगती समीक्षेने नोंदविण्याजोगी आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला म्हणजे हा सारा खटाटोप टळेल. रूपांतर अवश्य व्हावे. परंतु त्याची जात छापील आवृत्तीची आहे. फॉन्ट कोणता, हे आधी ठरवावे लागते; तो निर्णय चुकला तर पुढचे सारे अक्षर चुकते, आणि मूळ हाताशी नसेल तर चूक पडताळता येत नाही. आवृत्ती निघाली म्हणून पोथी कोणी टाकून देत नाही.

अर्थात मध्यस्थ दाखवितो ते पान म्हणजे भूतकाळ नव्हे. संग्रहातील एकाच पानाचा मजकूर एका महिन्यातला, चित्र दुसऱ्या महिन्यातले असू शकते. जे संमिश्र रूप दिसते ते त्या काळी कोणत्याही वाचकाने पाहिलेले नसते. बारामतीच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात पळसदेवचे जुने गाव बुडाले. पाणी फार ओसरले की पळसनाथाचे प्राचीन मंदिर उघडे पडते आणि लोक पाहायला जातात. दगड तेच असतात. पण ज्या वस्तीला ते देऊळ रोजचे होते ती भोवती नसते. दुवे तुटलेल्या पानाचेही असेच आहे. म्हणून अशा पानाचा आधार घेणाऱ्या अभ्यासकाने साठवणुकीची तारीख, फॉन्ट आणि मध्यस्थ या तिन्हींची नोंद करावी, पोथीचा अभ्यासक लेखनकाल, लिपी आणि लेखनिक नोंदवितो त्याच काटेकोरपणे.

संग्राहकांनी पाने राखली. फॉन्ट मात्र साधन समजून दुर्लक्षिले गेले तर राखलेले पानही मुके होईल. जाळ्यावरील मराठीच्या पहिल्या दशकाचा इतिहास लिहायचा असेल, तर फॉन्ट हा संहितेचाच भाग आहे हे आधी मान्य करावे लागेल.