भुताच्या गोष्टींचे मुखपृष्ठ

लहान मुलांच्या पुस्तकाचे परीक्षण करणारा टीकाकार बहुधा कथेपासून सुरुवात करतो, मग भाषेकडे वळतो आणि अखेरीस 'मुखपृष्ठ आकर्षक आहे' एवढे एक वाक्य टाकून मोकळा होतो. भुताखेतांच्या पुस्तकांबाबत तरी हा क्रम उलटा करावा असे मला वाटते. असे पुस्तक मूल प्रथम उघडत नाही. ते आधी नुसते पाहते, उपडे करून ठेवते, पुन्हा पाहते आणि मग उघडते. भीतीचा सौदा तिथेच ठरतो.

आपल्या इस्राएलमधील घरांत याला आणखी एक कारण आहे. नातवंडे हिब्रूत वाचतात. आजी-आजोबांपैकी पुष्कळांना हिब्रू बाजारहाटापुरते येते; शंभर पानांचे पुस्तक वाचायचे म्हणजे दमछाक. तेव्हा नातवाच्या हातातल्या पुस्तकात दोघांना सारखीच वाचता येणारी वस्तू एकच, ती म्हणजे मुखपृष्ठ. त्यावर एखादे भेसूर तोंड दिसले की वडीलधारी माणसे लगेच निकाल देतात, "हे कसले पुस्तक? परत देऊन ये." हा निकाल योग्य की अयोग्य हे ठरवायचे तर अशा मुखपृष्ठाने कोणती कामे करावीत, हे आधी पाहिले पाहिजे. माझ्या मते ती दोन आहेत. आत किती भीती आहे ते खरे सांगणे, आणि मुलाला धरायला काहीतरी देणे.

पहिल्या कामाचे उत्तम उदाहरण अमेरिकेत घडले. १९८१ साली आल्विन श्वार्ट्झ यांनी लोककथांतून निवडून पुन्हा सांगितलेल्या भीतीच्या गोष्टींचा 'स्केअरी स्टोरीज टु टेल इन द डार्क' हा संग्रह निघाला. पुढे १९८४ व १९९१ मध्ये त्याचे आणखी दोन भाग आले. तिन्हींची चित्रे स्टीफन गॅमेल यांची. पहिल्या भागाच्या मुखपृष्ठावर जमिनीतून वर आलेले एक मुंडके आहे. ते दात दाखवून हसते आहे आणि तोंडात पाइप आहे. गॅमेल यांची रेघ ओल्या भिंतीवरून ओघळलेल्या शाईसारखी. वस्तू कुठे संपते आणि अंधार कुठे सुरू होतो ते कळत नाही. चित्राचा हा ओलसर, कुजका पोत आतही पानापानावर आहे.

या पुस्तकांवर पालकांनी तक्रारींचा भडिमार केला. १९९० ते १९९९ या दशकात वाचनालयांतून काढून टाकण्याची मागणी ज्या पुस्तकांबद्दल सर्वाधिक झाली, त्यांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने केलेल्या यादीत ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती. पुष्कळांचा रोख गोष्टींपेक्षा चित्रांवर होता. मग २०११ साली प्रकाशकाने गोष्टी तशाच ठेवून चित्रे बदलली. ब्रेट हेलक्विस्ट या दुसऱ्या चित्रकाराकडून मुखपृष्ठासकट सारी चित्रे नवी करून घेतली. हेलक्विस्ट कसलेले चित्रकार आहेत. त्यांची रेघ स्वच्छ, आकृती बांधेसूद. पण लहानपणी जुनी पुस्तके वाचून मोठे झालेले वाचकच नाराज झाले आणि २०१७ मध्ये गॅमेल यांच्या चित्रांसह पुस्तके पुन्हा छापली गेली.

हा नुसता जुन्याच्या मायेचा प्रकार आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. गोष्टी त्याच राहिल्या आणि दरवाजा सौम्य झाला, तर त्या दरवाजाने आत जाणाऱ्याला चुकीची बातमी दिली. ज्या मुलाला इतकी भीती नको आहे ते गॅमेल यांचे मुखपृष्ठ पाहूनच पुस्तक खाली ठेवते, आणि तो त्याचा हक्क आहे. साध्या साहसकथेच्या समजुतीने ते आत शिरले आणि तिथे मेलेली माणसे भेटली, तर फसवणूक मुलाचीच झाली. कुजक्या रंगाचे मुखपृष्ठ ही एका अर्थी प्रामाणिक पाटी आहे.

त्या हसऱ्या मुंडक्याची आणखी एक बाजू आहे. श्वार्ट्झ यांनी पहिल्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण हसवणाऱ्या गोष्टींना दिले आहे. मुंडके हसते आहे, वर निवांत पाइप ओढते आहे. म्हणजे भय आणि थट्टा दोन्ही आत आहेत हे चित्राने आधीच कबूल केले. त्या पाइपला मूल हात घालू शकते. आतल्या काही चित्रांत मात्र असे धरायला काहीच नाही, नुसता चेहरा आणि काळोख. माझी तक्रार असलीच तर ती तिथे आहे, मुखपृष्ठाविषयी नाही.

धरायला काहीतरी देणे म्हणजे काय, हे आपल्या पिढीला 'चांदोबा'ने शिकवले आहे. मुंबईत किंवा अलिबाग-पेणकडे वाढलेल्या कोणाला ते वेताळकथेचे शीर्षचित्र आठवत नाही? शंकर या चित्रकाराने काढलेले. विक्रमाच्या हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशान. शंकर २०२० साली वारले आणि 'चांदोबा'ही बंद पडला; पण चित्र लोकांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यात भीती आहे, पण ती राजाच्या पाठीवर आहे आणि राजा चालतो आहे. मुलाने राजाबरोबर चालायचे. म्हणून त्या प्रेताचे ओझे आपल्याला कधी झाले नाही.

मॉरिस सेन्डॅक यांनी हेच काम वेगळ्या रीतीने केले. 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या १९६३ सालच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कथेतला मुलगा नाहीच. एक प्रचंड राक्षस किनाऱ्यावर बसून झोपला आहे. झोपलेल्याला हवे तितके न्याहाळता येते. मग ध्यानात येते की त्याचे पाय माणसाचे आहेत! सेन्डॅक पोलंडहून आलेल्या ज्यू आईबापांचे चिरंजीव. हे राक्षस आपल्याला लहानपणी घरी येणाऱ्या, गाल ओढणाऱ्या काका-मावश्यांवरून सुचले, असे ते सांगत. परदेशी येऊन राहिलेल्या घरातली मंडळी हे वाचून मनातल्या मनात हसतील.

आर. एल. स्टाइन यांच्या १९९२ साली सुरू झालेल्या 'गूसबम्प्स' मालिकेचा मार्ग तिसरा. टिम जेकोबस यांनी त्यातील बहुतेक मुखपृष्ठे भडक जांभळ्या-हिरव्या रंगांत रंगवली. मालिकेच्या नावाचा अर्थ अंगावरचा काटा, आणि छपाईत ती अक्षरे बोटाला लागतील अशी उठवलेली. कला म्हणून मला ही चित्रे गॅमेल यांच्या खालची वाटतात. पण ती खोटे बोलत नाहीत. आत जत्रेतल्या भूतघराइतकीच भीती आहे, आणि बाहेरचा रंगही जत्रेचाच.

आता इथल्या चित्रकाराची खास अडचण. मराठी पुस्तकाची शिवण डावीकडे, हिब्रूची उजवीकडे. मराठी वाचकाची नजर चित्रात डावीकडून शिरते. म्हणून अर्धवट उघडे दार उजव्या कडेला काढले की मूल जिथे बोट घालून पुस्तक उघडते, नेमके तिथेच ते दार येते. तेच चित्र हिब्रू पुस्तकावर तसेच छापले तर दार शिवणीत जाऊन बसते, आणि पुढ्यात यायचे भूत पाठीमागून निघून चालल्यासारखे वाटते. आरशासारखे उलटे छापावे तर विक्रम डावखुरा होतो आणि पाटीवरची अक्षरे फिरतात. उपाय एकच, चित्र नव्याने मांडावे. परदेशी चित्र विकत घेऊन वर हिब्रू नाव चिकटवण्यात पैसा वाचतो, पण भीतीची दिशा चुकते.

"आमच्या मुलांनी सायरन ऐकले, मिक्लातमध्ये रात्री काढल्या; त्यांना आणखी भीती कशाला?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण सायरन मुलाच्या हाताने बंद होत नाही आणि पुस्तक होते. मुखपृष्ठ मिटले की भूत आत आणि आपण बाहेर. भीतीवर एवढी सत्ता मुलाला दुसरीकडे कुठे मिळते? मात्र ज्या मुलाला ते चित्र मिटल्यावरही झोप लागत नाही, त्याच्यापुढे ते ठेवू नये. ही पारख टीकाकाराला करता येणार नाही. ती घरच्यांनीच केली पाहिजे.

वाचकहो, कोकणातल्या आपल्या गोष्टी उद्या कोणी हिब्रूत काढल्या तर? पिंपळावरचा मुंजा, पाण्यातला गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा. बेरशेबात जन्मलेल्या मुलाने पिंपळ पाहिलेला नाही, म्हणून चित्रकाराने त्याऐवजी विलायती भोपळा आणि चेटकिणीची टोपी काढू नये. चकव्याला तर रूपच नाही. त्याचे चित्र म्हणजे फिरून फिरून त्याच वडापाशी येणारी पायवाट आणि त्या वाटेवर कंदील घेतलेला एक माणूस. कंदील जरूर काढावा. त्याच्या उजेडात मूल पहिले पान उलटील, आणि वड म्हणजे काय हे विचारायला आजीकडे येईल.