बोलते करणे आणि बरे करणे
(पॅट बार्कर यांच्या 'रीजनरेशन' कादंबरीविषयी)

'त्याची वाचा बसली', 'तिने हाय खाल्ली', 'पोराने धसका घेतला'. मोठ्या आघातानंतर माणसाचे काय होते, हे सांगणारे शब्दप्रयोग मराठीत पुष्कळ आहेत. पण बसलेली वाचा पुन्हा उठवायची कशी, तिच्या मागे कोणी, कोणत्या हेतूने लागायचे, हा प्रश्न मध्यवर्ती ठेवणारे लेखन निदान माझ्या वाचनात फारसे आले नाही. पॅट बार्कर या इंग्रज लेखिकेची 'रीजनरेशन' (१९९१) ही कादंबरी नेमका हाच प्रश्न घेऊन उभी राहते. पुढे 'द आय इन द डोअर' (१९९३) आणि बुकर पारितोषिक मिळवणारी 'द घोस्ट रोड' (१९९५) या दोन कादंबऱ्यांनी ही त्रयी पूर्ण झाली. तरीही मला पहिलीच अधिक मोलाची वाटते. कारण तिच्यात युद्धभूमी जवळजवळ नाहीच. आहे ते इस्पितळ.

१९१७ च्या जुलैमध्ये कवी आणि लष्करी अधिकारी सीगफ्रीड सासून यांनी, युद्ध अकारण लांबवले जात आहे, असे जाहीर पत्रक काढले. ते शौर्यपदकाचे मानकरी होते. कोर्टमार्शल टळावे म्हणून मित्र रॉबर्ट ग्रेव्हज यांनी खटपट केली आणि सासून एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट इस्पितळात दाखल झाले. तेथे 'शेल शॉक' झालेल्या अधिकाऱ्यांवर उपचार होत. त्यांचे डॉक्टर होते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. इथवर सारा इतिहास आहे. त्यात लेखिकेने बिली प्रायर हे काल्पनिक पात्र आणून सोडले आहे. प्रायर कामगार वस्तीतून वर आलेला अधिकारी आहे, आणि इस्पितळात येतो तो मुका होऊनच.

रिव्हर्स हा गृहस्थ मुळातच कादंबरीत शोभावा असा. १९०१-०२ मध्ये तो निलगिरीत आला, दुभाष्यांच्या मदतीने तोडा लोकांकडून त्यांच्या नात्यागोत्यांची नि विधींची माहिती घेतली आणि १९०६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. १९०३ मध्ये त्याचा सहकारी हेन्री हेड याने स्वतःच्या हाताची मज्जातंतू कापून घेतली आणि ती पुन्हा कशी जुळते, संवेदना कशी परतते, याच्या नोंदी रिव्हर्स ठेवत गेला. कादंबरीचे नाव या प्रयोगावरून आले आहे. तुटलेली मज्जा हळूहळू परत येते, आणि येताना दुखते.

त्या काळी रुग्णाला सल्ला मिळे तो 'विसरून जा, दुसरे काही मनात आणा' असा. आपल्याकडेही अजून हाच मिळतो. रिव्हर्सने १९१७ च्या डिसेंबरात दिलेल्या व्याख्यानात याच्या उलट बाजू मांडली. आठवण दाबली की ती रात्री स्वप्नातून डोके वर काढते. म्हणून तिला दिवसाउजेडी सामोरे जावे, मात्र दिवसभर तिच्यातच बुडूनही राहू नये. त्याने एका अधिकाऱ्याची हकीकत सांगितली आहे. स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेल्या मित्राचे प्रेत या अधिकाऱ्याला सापडले होते आणि तेच रोज स्वप्नात येई. रिव्हर्सने त्याच्या लक्षात आणून दिले, की देहाची ही दशा झाली याचाच अर्थ मित्र तत्क्षणी गेला, तळमळत पडला नाही. त्यानंतरही स्वप्न पडले, पण त्यातली दहशत गेली होती. पुढच्या एका स्वप्नात तर तो मित्राशी बोलला. दुसऱ्या एका रुग्णाच्या आठवणीत असा आधाराचा कण कुठेच नव्हता. त्याला रिव्हर्सने बोलण्याचा आग्रह केला नाही. लष्कर सोडून खेड्यात मोकळ्या हवेत राहा, असे सुचवले. कोणाला बोलते करायचे आणि कोणाला नाही, हे ओळखण्यातच या डॉक्टरचा मोठेपणा आहे. बार्कर यांनी बर्न्स या पात्रातून तो अतिशय संयमाने दाखवला आहे.

आता प्रायर. रिव्हर्स त्याला सांगतो, की मुकेपणा साध्या शिपायांत आढळतो, अधिकारी तोतरे होतात. कारण उघड आहे. शिपाई मनातले बोलला तर त्याला भोगावे लागणारे परिणाम अधिकाऱ्याच्या मानाने फार वाईट असतात. प्रायर हा दोहोंच्या मधला. संमोहनात त्याला आठवते ते इतकेच: तोफगोळ्याने आपली दोन माणसे मारली, त्यांचे अवशेष गोळा करताना आपल्या हाती एक डोळा आला आणि वाचा गेली. हे कळल्यावर तो संतापून रडतो. आपल्याच हातून काही भयंकर घडले असावे, अशी खूणगाठ त्याने बांधली होती. आघाताच्या खाली अपराधाची भावना कशी दबा धरून बसते, हे ग्रंथांतून वाचून कळणार नाही इतके या एका प्रसंगातून कळते.

कादंबरीचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग लंडनच्या क्वीन स्क्वेअर इस्पितळातला. तिथे डॉक्टर लुईस यीलँड हा कॅलन नावाच्या मुक्या शिपायाला खोलीत कोंडतो, घशाला विजेचे झटके देतो आणि बोलल्याशिवाय बाहेर सोडणार नाही असे बजावतो. शिपाई अखेर बोलतो. रिव्हर्स तिथे पाहत बसला आहे ही कल्पना लेखिकेची. पण अशी केस यीलँडने स्वतःच १९१८ च्या आपल्या पुस्तकात यश म्हणून नोंदवली आहे. त्या रात्री रिव्हर्सला स्वप्न पडते, आणि त्याचा अर्थ लावताना त्याला उमगते, की आपणही तेच करतो आहोत. यीलँड मुक्याला बोलायला लावून गप्प करतो. मी सासूनचा निषेध हळुवारपणे बोलत बोलत विझवतो. दोघांचे रुग्ण 'बरे' होऊन जायचे आहेत ते खंदकातच. १९१७ च्या नोव्हेंबरात सासून कामावर रुजू होतात. त्याच इस्पितळात त्यांना भेटलेला कवी विल्फ्रेड ओवेनही परततो आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायला एक आठवडा उरला असताना, मारला जातो. उपचार यशस्वी झाला होता.

या कादंबरीचे सामर्थ्य मला इथे दिसते. उपचारपद्धती कोणती, एवढेच ती विचारत नाही. उपचार कोणासाठी, असेही विचारते.

उणिवा नाहीत असे नाही. यीलँडला लेखिकेने एकाच काळ्या रंगात रंगवले आहे. त्यामुळे अधिकाऱ्यांच्या वाट्याला संवाद आणि शिपायांच्या वाट्याला वीज, हा व्यवस्थेचा दोष एका माणसाच्या क्रौर्यावर निभावून जातो. ओवेनचे डॉक्टर आर्थर ब्रॉक कामातून उपचार करीत, रुग्णांना पुन्हा भोवतालच्या जगाशी जोडीत. हा तिसरा मार्ग कादंबरीत ओझरताच येतो. दारूगोळ्याच्या कारखान्यात पिवळ्या पडलेल्या बायकाही आणखी बोलायला हव्या होत्या.

ज्याला आज आपण आघातोत्तर मानसिक ताणविकार म्हणतो, त्याला हे नाव व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये अमेरिकी वर्गीकरणात मिळाले. आजचे प्रमुख उपचार पाहिले की रिव्हर्स किती पुढचा होता हे कळते. एका पद्धतीत रुग्ण सुरक्षित जागी, टप्प्याटप्प्याने आठवणीला सामोरा जातो. दुसरीत 'माझ्यामुळेच झाले' असल्या समजुती तपासून पाहिल्या जातात. तिसरीत आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवल्या जातात. सर्वसाधारणपणे आठ ते सोळा बैठका लागतात. सर्ट्रलीन, पॅरॉक्सेटीन अशा औषधांचाही काहींना उपयोग होतो. उलट डायझेपामसारख्या गोळ्या या विकारावरचा उपाय म्हणून आता सुचवत नाहीत, आणि घटना घडताच एका बैठकीत माणसाला सारे ओकायला लावणेही हिताचे मानत नाहीत. म्हणजे जबरदस्तीचे बोलणे आजही त्याज्यच ठरले आहे.

आता आपल्याकडे वळतो, कारण बेळगावात राहून ही कादंबरी केवळ इंग्रजांची म्हणून वाचता येत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे. पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि ते शिपाई तुर्कांचे कैदी झाले. त्यांच्यासाठी कोणी रिव्हर्स बसला नव्हता. आमच्या गल्लीत पुढच्या काळातले एक निवृत्त सुभेदार राहत. त्यांना झोपेतून उठवायचे तर अंगाला हात लावायचा नाही, दारातून 'दादा, चहा झाला' अशी हाक द्यायची, हा घरचा नियम होता. का, हे कोणी विचारत नसे. तो नियम हाच त्या घराचा एकमेव उपचार होता, आणि त्यात शहाणपण होते. पण दादांना बोलावेसे वाटले असते तर ते कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलले असते?

आपल्या दुभाषी जिल्ह्यांत हा प्रश्न फार खरा आहे. आपण बाजारात कन्नड बोलतो, कचेरीत इंग्रजी लिहितो. झोपेत ओरडतो ते मात्र आईच्या भाषेत. दवाखान्यात 'काय होते?' याला आपण शिकलेल्या भाषेत 'झोप नाही' एवढेच सांगतो, आणि डॉक्टर तेवढ्यावरच गोळी लिहितो. इथे दोष ना डॉक्टरचा, ना भाषेचा. बोलण्याने होणाऱ्या उपचाराला ऐकणाऱ्याची भाषा हेच अवजार असते, हे मात्र ध्यानात घ्यायला हवे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेत (१४४१६) अनेक भारतीय भाषांत बोलण्याची सोय केली आहे, ती याच जाणिवेतून. आपल्या घरी कोणाला गरज असेल तर पहिले वाक्य मराठीतून बोलायची मागणी करायला संकोच नको.

बार्कर यांची कादंबरी वाचून संपवल्यावर मला सासूनपेक्षा प्रायर जास्त आठवत राहिला. दोन वर्गांच्या मधला, म्हणून दोन्हीकडे अर्धा मुका. सीमेवरच्या मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही. कुतहून परतलेल्या, किंवा न परतलेल्या, शिपायाची कादंबरी मराठीत कोणी लिहायला घेतली, तर लढाईचे वर्णन थोडक्यात आटोपले तरी चालेल. घरी आल्यावर त्याच्याशी कोण बोलले, कोणत्या भाषेत, आणि त्याला बरे करून काय मिळवायचे होते, हे मात्र सविस्तर यावे.