गुणधर्म, उपयोग आणि राहून गेलेला तिसरा रकाना

शालेय विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता हमखास असतो. डाव्या रकान्यात गुणधर्म, उजव्या रकान्यात उपयोग. पेण-रोहे भागातल्या एका प्रदर्शनात ‘उष्णतारोधक कृत्रिम रबर’ या विषयावरचा असाच तक्ता आम्ही पाहिला. अक्षर सुरेख होते, मेहनत दिसत होती. विषयाची निवडही चांगली. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. अशा कारखान्यांत पाइपांचे सांधे, व्हॉल्व्ह, पंप यांच्यात रबरी गॅस्केट आणि ओ-रिंग लागतातच. तरीही या तक्त्याबद्दल आमच्या काही तक्रारी आहेत. त्या विद्यार्थ्यांविरुद्ध नाहीत. तक्त्याचा हा साचा आपण शिक्षकांनीच त्यांच्या हाती दिला आहे.

पहिली तक्रार शब्दाची. उष्णतारोधक म्हणजे उष्णतेला अडवणारा. थर्मोकोल उष्णता अडवते, पण निखाऱ्याजवळ नेले की वितळते. येथे अभिप्रेत आहे ते उष्णता अडवणे नव्हे, सोसणे. बराच काळ तापूनही जे कडक, चिकट किंवा भेगाळ होत नाही ते रबर ‘उष्णतासह’ म्हणावे. दोन वेगळ्या कल्पना एका शब्दात कोंबल्या, तर मुलांच्या मनात त्या कायमच्या एक होतात.

दुसरी तक्रार अशी, की ‘का?’ हा प्रश्नच तक्त्यात नाही. नैसर्गिक रबराच्या रेणूंची साखळी कार्बनची असते आणि तिच्यातल्या दुहेरी बंधांपाशी ऑक्सिजनचा हल्ला होतो. तापमान वाढले की तो वेगाने होतो. सिलिकोन रबराचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या आलटून पालटून येणाऱ्या अणूंचा असतो. हा बंध तोडायला मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल लागतात, कार्बन-कार्बन एकेरी बंधाला सुमारे ३५०. म्हणून सिलिकोन रबर सुमारे २०० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ टिकते. १९५७ साली बाजारात आलेल्या व्हायटॉनसारख्या फ्लुओरोरबरात कणा कार्बनचाच, पण त्याला फ्लोरीनचे घट्ट कवच असते. दहावीच्या मुलाला हे सहज समजते.

तिसरी तक्रार उपयोगांबद्दल. गणपतीच्या मूर्तींचे रबरी साचे त्यात होते. पेणच्या तक्त्यात ते यावेत हे आम्हाला आवडले. पण प्लास्टर घट्ट होताना गरम होते ते बेताचेच. साच्याला रबर लागते ते लवचीकपणासाठी. सोंडेच्या वळणातून आणि दागिन्यांच्या खाचांतून साचा मूर्ती न दुखवता सुटला पाहिजे. गुणधर्म एक, उपयोग दुसऱ्याच गुणधर्माचा, आणि मधे बाण!

चौथी तक्रार सर्वांत गंभीर. ‘कुठे चालत नाही’ हा रकानाच नाही. सिलिकोन रबर पेट्रोलमध्ये फुगते. फ्लुओरोरबर पेट्रोल आणि तेल उत्तम सोसते, पण ॲसिटोनमध्ये फुगते. ईपीडीएम रबराला गरम पाणी व वाफ चालते, खनिज तेल चालत नाही. सर्वगुणसंपन्न रबर कोणतेच नाही.

याची किंमत केवढी असू शकते, हे २८ जानेवारी १९८६ रोजी जगाने पाहिले. चॅलेंजर अवकाशयानाच्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातल्या ओ-रिंग फ्लुओरोरबराच्या होत्या, म्हणजे उष्णतासहच. उड्डाणाच्या वेळी हवा सुमारे २ अंशांवर होती. थंडीत रबर ताठरले, दाब पडताच फट भरून काढू शकले नाही, तप्त वायू सांध्यातून निसटले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशी समितीपुढे त्याच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा सोडल्यावर तो लगेच पूर्ववत झाला नाही.

आपल्या कोकणात तशी थंडी नाही. पण कारखान्यात द्रावके आहेत, आम्ले आहेत, वाफ आहे. आज तक्ता रंगवणारी काही मुले उद्या आयटीआय करून हाती पाना घेतील. ‘उष्णतासह आहे ना, मग बसवा’ एवढेच त्यांना ठाऊक असेल, तर गळणाऱ्या सांध्यासमोर तीच उभी असतील.

म्हणून पुढच्या वर्षी तक्त्याला तिसरा रकाना जोडावा आणि शेजारी दोन वस्तू मांडाव्यात. एक, प्रेशर कुकरचे जुने आणि नवे गॅस्केट. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. रोजच्या तापण्याने जुने किती कडक झाले, हे बोटांनीच कळते. दुसरे, दोन सारखी रबरबँड. एक पाण्यात आणि एक झाकणबंद बाटलीतल्या रॉकेलमध्ये रात्रभर ठेवावे. सकाळी शिक्षकांच्या देखरेखीखाली, ज्योतीपासून दूर, दोन्हींची लांबी मोजावी. रॉकेलमधले लांबलेले दिसेल. ‘रबर कशासाठी चांगले?’ याबरोबरच ‘कशापुढे हरते?’ हा प्रश्न मुले मग स्वतःच विचारतील.